सेवा कुणाची, सेवक कोण?

१

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका हिवाळ्यात मेळघाटातील सेमाडोह येथे झाले. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घाट चढून जंगलात शिरतो आणि सिपना नदीच्या काठी हे गाव लागते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. शहरातल्या माणसाला सेमाडोह माहीत असते ते व्याघ्रप्रकल्पामुळे. वाघ पाहायला आलेल्या माणसाला गावातला माणूस दिसतोच असे नाही.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मी चार विद्यार्थ्यांना घेऊन एका परिचारिकेबरोबर घरभेटीला गेलो. एका कुडाच्या घरापुढे एक वृद्ध कोरकू बसला होता. कुष्ठरोग बरा होऊन त्याला बरीच वर्षे झाली होती, पण पाय सुन्न झाले होते आणि तळव्याला जुनी जखम होती. परिचारिकेने घमेल्यात पाणी मागवले, त्याचे दोन्ही पाय त्यात ठेवले आणि ती खाली मातीत बसली. पाय भिजल्यावर तिने कडेची निबर कातडी हलक्या हाताने काढली, जखम धुतली, पट्टी बांधली आणि उरलेल्या तळव्याला तेल चोळले. मग म्हाताऱ्याच्या नातीला जवळ बोलावून सांगितले, "बाई, रोज रात्री कंदिलाजवळ बाबाचा तळवा पाहात जाय. काटा रुतला त याले समजत नाही. तुले दिसला पाहिजे."

परतताना माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "ताई, तुम्हाला किळस येत नाही?" ती हसली. म्हणाली, "माही आजी मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या बांधे. ती म्हने, आपन रविवारी देवळात जातो ते बाकीच्या सहा दिवसांसाठी." तिची आजी अचलपूरकडच्या एका खेड्यातली. कुठल्या वाड्यातली, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. पण आपल्यासारख्यांना असे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'सेवा' या शब्दाशी माझे काही बरे नाते नाही. माझे आजोबा कामदार महार होते. गावचा सांगावा नेणे, मेलेले ढोर ओढणे, पाटलाच्या दारी रात्र जागवणे, ही त्यांची सेवा. सेवा हाच शूद्राचा धर्म, असे शास्त्रकारांनी लिहून ठेवले आणि शूद्राच्याही खाली ज्यांना ढकलले त्यांच्याकडून ती फुकट करून घेतली. बाबासाहेबांच्या चळवळीने आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती ही की, ही सेवा टाकून द्या. आमच्या बापाने ती टाकली, म्हणून मी शाळेत गेलो आणि घराण्यातला पहिला पदवीधर झालो. मग सेमाडोहच्या मातीत बसून दुसऱ्याचे पाय धुणारी ही आपल्यातलीच लेक आजोबांच्या वेठीकडे परत गेली होती काय? की ती दुसरेच काही करीत होती? हा प्रश्न एकट्या तिचा नाही. मराठी मुलखातील ख्रिस्ती सेवाकार्याच्या साऱ्या इतिहासाला तो विचारावा लागतो.

२

प्रथम मेळघाटाची गोष्ट. कोरकू ही मुंडा भाषाकुळातील बोली बोलणारी जमात. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे कोरकू या शब्दाचा अर्थच 'माणसे' असा आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे दशक-दीड दशकातच सरकारची नजर मेळघाटच्या सागवानावर गेली आणि १८६६ पासून इथली जंगले राखीव होऊ लागली. डोंगरउतारावर जंगल जाळून फिरती शेती करणारा माणूस आपल्याच रानात गुन्हेगार ठरला. वनखात्याला मजूर हवे होते म्हणून त्याला वनग्रामात राहू दिले, पण खात्याचे काम करण्याच्या अटीवर. गावगाड्यातील वेठ आम्हाला ठाऊक आहे. हीही वेठच होती, फक्त पाटलाच्या जागी साहेब होता.

अशा वेळी या डोंगरात ख्रिस्ती मिशनरी आले. आल्बर्ट नॉर्टन नावाचा अमेरिकन गृहस्थ १८७०च्या दशकात एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास येऊन राहिला आणि कोरकूंमध्ये काम करू लागला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी दौंड येथे त्याने आश्रम चालवला. त्याच्यामागून 'कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन' या नावाची संस्था एलिचपूर व मेळघाटच्या पट्ट्यात उभी राहिली. तिच्यातील जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहिले. ते १९०३ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. ज्या भाषेला वऱ्हाडातील शिकलेला माणूस रानटी बडबड म्हणत होता, तिला व्याकरण आहे, हे दाखवायला साता समुद्रापलीकडचा माणूस यावा लागला. ही आपल्या इथल्या विद्वत्तेला लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

अचलपूरजवळ कोठारा येथे या मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. आज तेथे 'द लेप्रसी मिशन'चे रुग्णालय आहे. त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. हॅन्सनने १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधून काढला होता, परंतु गुण देणारे डॅप्सोन मिळायला १९४०चे दशक उजाडावे लागले आणि अनेक औषधांचा एकत्रित उपचार १९८२ पासून जगभर सुचवला जाऊ लागला. सरकारने १८९८ मध्ये कायदा केला तो रोगी बरा करण्याचा नव्हता, त्याला वेगळे काढण्याचा होता. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे अशा आश्रमात करण्यासारखे काम एकच होते. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, खायला घालणे आणि मेल्यावर मूठमाती देणे. बरे करण्याची आशा नसताना रोज तेच काम करायचे. याला नोकरी म्हणणे कठीण आहे.

आता मुख्य मुद्दा. ही पट्टी बांधली कोणी? मिशनच्या इतिहासात डॉक्टरांची नावे असतात, पाद्रीसाहेबांची असतात, मडमांची असतात. पण साहेब दिवसातून एकदा फेरी मारी. रोज सकाळी घमेले घेऊन बसणारे हात कोणाचे होते? ड्रेसर, कंपाउंडर, आया, स्वयंपाकी, सुईण, बायबलबाई, खेड्यातल्या शाळेचा मास्तर ही माणसे इथलीच होती. मराठी मुलखात ख्रिस्ती झालेल्यांपैकी फार मोठा वर्ग महार आणि मांग समाजातून आला. म्हणजे ज्यांचा स्पर्श गावाला विटाळ वाटत होता, त्यांचेच हात अशांना लागत होते की ज्यांना त्यांच्या स्वतःच्या घरानेही टाकून दिले होते.

३

१८९६-९७ हे साल महाराष्ट्राच्या इतिहासात दुष्काळाचे आणि प्लेगचे साल म्हणून नोंदले आहे. ते सेवेच्या इतिहासातलेही मोठे साल आहे. त्या वेळच्या दोन स्त्रियांची गोष्ट एकत्र वाचली पाहिजे.

पंडिता रमाबाई मध्यप्रांतातील दुष्काळी भागात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा यांना पुण्याकडे घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनाची वाढ त्यातून झाली. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जणी राहात होत्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यांना ओढ लागली ती नुसत्या तत्त्वचर्चेने नव्हे. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनी मायेने वागवतात, हे त्यांनी पाहिले. आपल्या शास्त्रात अशा बाईला दंड आहे, दया नाही, हे संस्कृत पंडितेला ठाऊक होते. केडगावला त्यांनी मुलींना नुसते पोसले नाही. तेथे स्त्रिया विणत होत्या, शेत पाहात होत्या, छापखाना चालवीत होत्या. मूळ भाषांवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर रमाबाईंनी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत हातावेगळे केले, ते याच छापखान्यातून निघाले. दुष्काळात वेचलेल्या मुलीने पुस्तकाचे खिळे जुळवावेत, ही गोष्ट मला अन्नदानापेक्षा मोठी वाटते.

त्याच वेळी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांत काम करीत होत्या. त्यांचा दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत याने हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोचवले, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. परंतु त्यांच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणात अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील मिस फरार आणि पुण्यातील मिसेस मिचेल यांचा वाटा होता. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. या दांपत्याने मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला नाही. शाळा कशी चालवावी, खालच्या म्हटलेल्या मुलाला जवळ कसे बसवावे, ही रीत घेतली आणि ती आपल्या सत्यधर्माच्या कामी लावली. धर्म बदलला नाही तरी सेवेची पद्धत एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

याच शाळेतल्या एका मांग मुलीने, मुक्ता साळवेने, १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला कोणी? 'ज्ञानोदय'ने. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केलेल्या या पत्राने एका अस्पृश्य पोरीला जागा दिली. जखमेवर पट्टी बांधणे ही सेवा आहेच. पण जखमीच्या हातात लेखणी देणे आणि त्याने लिहिलेले छापणे, ही त्याच्या पुढची सेवा आहे. ज्या ज्या ठिकाणी मिशनने हे दुसरे काम केले, त्या ठिकाणी इतिहास पुढे सरकला. जेथे पहिल्यावरच थांबले, तेथे फक्त उपकार शिल्लक राहिले.

४

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपण कोणाचे भाट नाही.

दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलाला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य कोठून असणार? भाकरी देणाऱ्या हाताने बाप्तिस्म्याचे पाणीही दिले, तर ते पाणी त्याने मनाने घेतले की पोटाने, हे कोण सांगू शकेल? मिशनच्या आवारात साहेबाचा बंगला वेगळा होता, नेटिव्ह मास्तरांची चाळ वेगळी होती आणि पगारही वेगळा होता. चर्चमध्ये सुद्धा जात गेली नाही. पुष्कळ ठिकाणी ती बाकावर बसली, पुष्कळ ठिकाणी लग्नाच्या बोलणीत बसली. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर त्याचे चरित्र निघाले. महार ख्रिस्ती झाला तर त्याची फक्त खानेसुमारीत नोंद झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर ख्रिस्ती धर्मगुरूंच्याही आशा वाढल्या होत्या. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांच्या सभेत त्यांनी आपले मत स्पष्ट मांडले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढ लावली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. परंतु ख्रिस्ती समाजातही जात टिकून आहे आणि एक समाज म्हणून ख्रिस्ती लोक सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी लढले नाहीत, हेही त्यांनी त्यांच्या तोंडावर सुनावले. त्यांच्या मरणोत्तर, १९८९ मध्ये लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झालेल्या लिखाणात याच विषयावर आणखी परखड विवेचन आहे. मिशनने शिक्षण आणि औषधोपचार यांवर जो पैसा खर्च केला त्याचा मोठा लाभ सवर्ण हिंदूंनी घेतला, आणि ज्या अस्पृश्याने ख्रिस्त स्वीकारला त्याच्या नागरी हक्कांची व आर्थिक उन्नतीची काळजी कोणी घेतली नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. सेवा पुरेशी नाही, हक्क हवेत. बाबासाहेबांचा हा आक्षेप आजही तितकाच जिवंत आहे.

तिसरा आक्षेप वेगळ्या दिशेने आला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा आणि दवाखाने ही धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी नागपूरला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वेळी स्वतः नियोगींनीही बौद्ध धम्म स्वीकारला, ही इतिहासातील ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. धर्म बदलण्याचा हक्क त्यांना अमान्य नव्हता, हे उघड आहे.

या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. परंतु तो करणाऱ्या पुष्कळ मंडळींना मी एकच प्रश्न विचारू इच्छितो. आमिष दाखवायला मिशनरी कोठाऱ्याला गेला, असे धरून चालू. तुम्हाला तेथे जायला कोणी अडवले होते? आमिषाचा आरोप करताना आपण गृहीत धरतो की, गरिबाला मन नसते, त्याला फक्त पोट असते. पन्नास वर्षे बऱ्या न होणाऱ्या जखमा धुणाऱ्या माणसाला कोणते आमिष होते, याचेही उत्तर द्यावे लागेल.

या बाबतीत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या उदाहरणातून आपल्याला मोजमाप मिळते. ऑक्सफर्डला उदार धर्माचा अभ्यास करून आलेल्या शिंद्यांनी १९०६ मध्ये मुंबईला निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजे 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' स्थापन केली. मिशन हा शब्द आणि वस्तीत जाऊन राहण्याची रीत त्यांनी ख्रिस्ती जगाकडूनच घेतली. त्यांच्या बहिणीही त्या कामात उतरल्या. पण जागा झालेला अस्पृश्य समाज पुढे विचारू लागला की, आमच्या संस्थेचे सूत्र आमच्या हाती का नाही? १९२० च्या नागपूर परिषदेत हा संघर्ष उघड झाला. १९२३ मध्ये शिंदे कारभारातून बाहेर पडले आणि संस्था अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांकडे गेली. यात कटुता होती. परंतु खऱ्या सेवेचा शेवट असाच असला पाहिजे. ज्याची सेवा करायची त्याच्या हाती एक दिवस किल्ली द्यायची. जी सेवा किल्ली कधीच सोडत नाही, तिला मालकी म्हणावे.

५

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. वेठ आणि सेवा यांत फरक कोणता? काम तर एकच दिसते. घाण काढायची, ओझे वाहायचे, दुसऱ्याचे पाय धुवायचे.

ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ही कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पॅलेस्टाइनात हे गुलामाचे काम होते. गुरूने ते केले म्हणून पेत्र अवघडला. या कथेवर सवर्ण कीर्तनकाराने बोलावे आणि आपल्यापैकी कोणी बोलावे, यांत अंतर आहे. वर बसलेला माणूस खाली उतरला की त्याला नम्रता म्हणतात. जो पिढ्यान्‌पिढ्या खालीच बसवला गेला, त्याला याच कथेवरून 'तूही नम्र हो' असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे.

हे ओळखले ते मराठी ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल यांनी. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानापासून त्यांनी दलितांच्या बाजूने ख्रिस्ती धर्मशास्त्राची नवी मांडणी सुरू केली. १९९५ मध्ये ते वारले. त्यांच्या मांडणीचे सार असे. ख्रिस्तात प्रकट झालेला देव हा सेवक देव आहे. आणि सेवक म्हणजे या देशात कोण? झाडणारा, धुणारा, मैला वाहणारा. म्हणजे देवाने स्वतःसाठी जी जागा निवडली, ती आमच्या बापजाद्यांची जागा आहे. त्यांनी केलेले काम हलके नव्हते, त्यांना हलके ठरवणारी व्यवस्था हलकी होती. निर्मलांची श्रद्धा आपली असो वा नसो, त्यांनी केलेली उलथापालथ आपल्या ध्यानात आली पाहिजे. त्यांनी दलिताला नम्र हो म्हटले नाही. ज्याला तुम्ही देव म्हणता तोच आमच्या पंगतीला येऊन बसला आहे, असे त्यांनी सवर्ण चर्चला सांगितले.

हे सूत्र आपल्या वऱ्हाडाला परके नाही. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला. परीट कुळातल्या माणसाने गाव झाडावा, यात गावाला नवल वाटले नसते. पण बाबा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला जाब विचारत. खराटा आणि जाब या दोन गोष्टी एकत्र आल्या की वेठीची सेवा होते. जाब विचारण्याचा हक्क काढून घेतला की सेवेची पुन्हा वेठ होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. इथेही किल्ली दिलीच.

तेव्हा फरक तीन गोष्टींत आहे. सेवा करणाऱ्याला 'नाही' म्हणण्याचे स्वातंत्र्य आहे काय? तो ज्याची सेवा करतो त्याच्याशी समान पातळीवर बसतो काय? आणि सेवा घेणारा शेवटी स्वतःच्या पायावर उभा राहतो काय? तिन्हींचे उत्तर होय असेल तर तिला कोणत्याही धर्माचे नाव द्या, माझी हरकत नाही. एकाचेही उत्तर नाही असेल तर तिच्यावर क्रूस असो की धम्मचक्र, मी तिला मानणार नाही.

एका गोष्टीचा उल्लेख येथे केला नाही तर लेख अप्रामाणिक ठरेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत. २०२२ मध्ये या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आपण बौद्धांनी १९९० पर्यंत चौतीस वर्षे हा अन्याय सोसला आहे. ज्या हातांनी इतरांच्या जखमा धुतल्या, त्यांच्या जखमेविषयी आपण गप्प बसणार असू, तर आपली करुणा फक्त व्याख्यानापुरती आहे.

६

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा त्या वृद्धाच्या घरी गेलो. या वेळी परिचारिका नव्हती. नात घमेले घेऊन बसली होती. तिने आजोबाचा पाय उचलून उजेडाकडे धरला, तळवा पाहिला, तेल लावले आणि मला दाखवून म्हणाली, "काटा नाही." मेळघाटात आजवर बाहेरची माणसे पुष्कळ आली. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंची बातमी झाली तेव्हा तर मोटारींची रांग लागली. त्यांतले बहुतेक परत गेले. जे राहिले त्यांत निरनिराळ्या विचारांचे लोक आहेत. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी संसारच मांडला. सेवा ही कोणा एका धर्माची मिरास नाही. पण त्या पोरीच्या हातात जे कसब आले, ते कोठून कोठे प्रवास करीत आले, हे मला दिसत होते. मिशनच्या आवारात कोणी एका बाईला पट्टी शिकवली, तिने नातीला शिकवली आणि तिच्या नातीने या कोरकू मुलीला. या साखळीत कोणाचा बाप्तिस्मा झाला आणि कोणाचा नाही, याची नोंद ठेवणारे पुष्कळ झाले. पट्टीची नोंद कोणी ठेवली नाही.

मला उत्तर मिळाले होते. ती परिचारिका माझ्या आजोबांच्या वेठीकडे परत गेली नव्हती. आजोबांना 'नाही' म्हणता येत नव्हते. तिला येत होते, आणि तरीही ती मातीत बसली. उठताना तिने आपले काम त्या मुलीच्या हाती दिले. आजोबांच्या पाटलाने आपली पाटीलकी कधी कोणाच्या हाती दिली नाही.

विद्यार्थी मित्रांना आणि शिक्षक बांधवांना एक विनंती करून थांबतो. आपल्या जिल्ह्यात मिशनचे जुने दवाखाने आहेत, शाळा आहेत, दफनभूमी आहेत. तेथे काम केलेले ड्रेसर, आया, बायबलबाया, मास्तर यांची मुले-नातवंडे अजून हयात आहेत. साहेबांची चरित्रे विलायतेत छापून झाली. या माणसांची कोण लिहिणार? त्यांच्याकडे जा, वही घेऊन जा. त्यांना कोणत्या वाड्यातून आलात हे विचारा, आणि ते सांगायला कचरले तर आधी आपला वाडा सांगा. ते आपलेच लोक आहेत. त्यांनी ख्रिस्त घेतला, आपण बुद्ध घेतला. दोघांनी मिळून ज्याला नाकारले ते एकच होते.